उरलेल्या खजुराचा झटपट लोफ

रमजान ईद झाली की बहुतेक घरांत खजुराचा एखादा डबा उरतोच. कुणी इफ्तारसाठी भेट दिलेला असतो, कुणी उमऱ्याहून आणलेला. महिनाभर रोज खाल्ल्यावर मुले त्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत. हाच खजूर अक्रोडासोबत लोफमध्ये घातला, तर मागून मागून खातात. बाजारातल्या फ्रूट केकमधला सुका मेवा पुष्कळदा रममध्ये भिजवलेला असतो, म्हणून दर वेळी चौकशी करावी लागते. घरी केला की तो प्रश्नच नाही. यीस्ट लागत नाही, पीठ फुगण्याची वाटही पाहावी लागत नाही.

बिया काढलेला 200 ग्रॅम खजूर बारीक चिरा. त्यावर एक छोटा चमचा खाण्याचा सोडा भुरभुरवून एक कप उकळते पाणी ओता आणि अर्धा तास झाकून ठेवा. ही पायरी गाळू नका. सोड्यामुळे खजुराची साल अगदी मऊ पडते, लोफला गडद तपकिरी रंग येतो आणि फुगायलाही मदत होते. किमियासारखा ओला खजूर असेल तर पाणी पाऊण कपच घ्या. खारीक मात्र इथे चालत नाही.

60 ग्रॅम मऊ लोणी आणि 80 ग्रॅम किसलेला गूळ फेटून त्यात एक अंडे घाला, मग गार झालेला खजूर पाण्यासकट. 200 ग्रॅम मैदा (निम्मी कणीक चालते), अर्धा छोटा चमचा बेकिंग पावडर, वेलचीपूड आणि चिमूटभर मीठ चाळून मिसळा. कोरडे पीठ दिसेनासे झाले की हात थांबवा. जास्त ढवळले तर लोफ चिवट होतो. शेवटी 75 ग्रॅम अक्रोडाचे तुकडे. आधी एक चाखून पाहा. खवट अक्रोड सगळ्या लोफची चव घालवतो.

ओव्हन 180 अंशांवर तापवून 45 ते 50 मिनिटे भाजा. ओव्हन नसेल तर अडू नका. वरखाली निखारे ठेवून आपल्या आज्या केक भाजतच होत्या. जुन्या जाड पातेल्यात मिठाचा थर द्या, त्यावर स्टँड ठेवा, झाकून दहा मिनिटे तापवा. मग तूप लावलेला डबा आत ठेवून मंद आचेवर तासभर भाजा. सुरी खुपसून कोरडी निघाली की झाला. चांगला कुकर यासाठी वापरू नये, कोरड्या आचेने खराब होतो.

साखर घातलेली नाही म्हणून मधुमेह असलेल्या दादाजींना दोन-दोन तुकडे देऊ नका. खजूर आणि गुळानेही रक्तातली साखर वाढतेच.

पूर्ण गार झाल्यावरच कापा, गरम असताना भुगा होतो. दुसऱ्या दिवशी चव जास्त मुरते. बंद डब्यात तीन दिवस टिकतो, पावसाळ्यात फ्रीजमध्येच ठेवा. शिळा तुकडा तव्यावर थोड्या लोण्यात परतून चहाबरोबर द्या, ताज्यापेक्षा लवकर संपतो.