डोंबिवलीच्या नावाची संख्या

देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर (१९०५-१९८६) यांनी अभ्यासलेल्या ‘डेम्लो’ संख्यांना डोंबिवली स्थानकाच्या जुन्या नावावरून हे नाव मिळाले. त्यांपैकी १२३४५६७८९८७६५४३२१ ही सतरा अंकी संयुक्त संख्या १११११११११ चा वर्ग आहे. तिच्या अंकांची बेरीज ८१ असून ८१ ने तिला निःशेष भागही जातो. ३, ३७ आणि ३३३६६७ हे तिचे मूळ अवयव असून तिला एकूण ४५ विभाजक आहेत. दहा एकांच्या संख्येचा वर्ग करताना मात्र हातचा येतो आणि ही सममिती मोडते.

या संख्येचे अवयव सहज सापडतात. दोन प्रचंड मूळ संख्यांच्या शेकडो अंकी गुणाकाराचे अवयव शोधणे मात्र अतिशय कठीण असते. अनेक सांकेतिक प्रणालींची सुरक्षितता त्यावरच अवलंबून आहे.

कापरेकरांना जागतिक ओळख मिळाली ती १९७५ मध्ये, मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळे. तोवर ते निवृत्त झाले होते.