कातीव कुटुंब

'कातीव' हा शब्द आपण साहित्याच्या विद्यार्थ्यांनी इतका झिजवला आहे की तो आला कुठून, हे विचारायचेही सुचत नाही. कथेतल्या नायिकेचा चेहरा कातीव असतो, लेण्यातला खांब कातीव असतो, आणि उत्तरपत्रिकेत एखाद्या लेखकाच्या शैलीला दुसरे विशेषण सापडले नाही तर तीही कातीव होते. कातीव म्हणजे कातलेले. मराठीत सूत कातले जाते तसेच लाकूडही कातले जाते, आणि लाकूड कातणारा तो कातारी. आज त्याच्या यंत्राला सगळेच 'लेथ' म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरते.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत सावंतवाडीला मावशीकडे राहून मी पाच आठवडे हे काम शिकले. एवढ्या भांडवलावर लेख लिहिणे धाडसाचे आहे खरे; पण उस्तादाला नवशिक्याच्या अडचणी आठवत नाहीत, मला अजून आठवतात. सावंतवाडीची लाकडी फळे आणि भाटुकली आपल्यापैकी बहुतेकांनी लहानपणी हाताळली असतील. त्यांतली फळे बरीचशी हाताने कोरून रंगवतात. बाहुल्या, लाटणी, भोवरे असा गोल माल लेथवर होतो. मी शिकले तो कारखाना म्हणजे एका घराची पडवी. दोन लेथ, भुश्शाचा ढीग आणि भिंतीवर खिळ्याला टांगलेल्या लाकडी पट्ट्या. शिकवणाऱ्या गृहस्थांना सारे काका म्हणत. त्या पट्ट्यांविषयी पुढे सांगायचे आहे, कारण या कामातले खरे ज्ञान तिथे टांगलेले होते.

लेथचे तत्त्व सोपे आहे. लाकडाचा तुकडा दोन टोकांमध्ये आडवा धरायचा, मोटर तो गरगर फिरवते, आणि आपण पुढच्या लोखंडी टेकूवर पटाशी टेकवून तिची धार लाकडाला लावायची. सुतारकामात लाकूड स्थिर आणि हत्यार फिरते. इथे नेमके उलटे. मोटर येण्यापूर्वी लाकूड दोरीने किंवा धनुकलीने फिरवत. त्यात ते एकदा पुढे, एकदा मागे फिरे आणि कातणे फक्त एकाच फेऱ्यात होई.

माणसांसाठी आम्ही शिवणीचे लाकूड घेतले. ते हलके, बारीक पोताचे आणि चांगले वाळलेले असले तर फाटत नाही. तुकडा २ इंच चौरस आणि ७ इंच लांब. बाहुली ६ इंचांची, पण दोन्ही टोकांना अर्धा अर्धा इंच पकडीसाठी सोडावा लागतो. तंतू उभे, म्हणजे डोक्यापासून पायाकडे धावले पाहिजेत. आडवे असले तर बाहुलीची मान पहिल्याच दिवशी मोडते. दोन्ही टोकांवर कर्ण आखले की मध्य मिळतो. चारही कोपरे रंध्याने थोडे मारले तर पटाशीला पुढे हिसके कमी बसतात. मग तुकडा लेथवर चढवून टेकू पाव इंच अंतरावर आणायचा आणि मोटर सुरू करण्याआधी लाकूड हाताने एकदा फिरवून पाहायचे. ओढणी घरी ठेवायची, वेणी घट्ट बांधायची, बाह्या कोपरापर्यंत वर, डोळ्यांना चष्मा. या बाबतीत काका कडक होते, आणि ते बरोबरच होते.

पहिला आठवडा नुसता दंडगोल. चौकोनी लाकूड मिनिटाला हजारएक फेरे घेऊ लागले की त्याच्या कडा दिसेनाशा होतात. आत गडद गाभा आणि बाहेर धुरकट सावली दिसते. ही सावली म्हणजे कोपरे. त्यांना पटाशी लावताना नवशिक्याचा हात आखडतो, आणि आखडलेला हात धार सरळ लाकडात खुपसतो. खरी युक्ती धारेत नसून धारेमागच्या उतरत्या पाठीत आहे. आधी ती पाठ फिरत्या लाकडावर नुसती टेकवायची. काही कापले जात नाही, फक्त घासते. मग मूठ हळूहळू वर उचलायची. एका क्षणी धार लाकडाला भेटते आणि साल सुटू लागते. नीट जमले तर लांब, कुरळी, मऊ साल निघते. चुकीचे असेल तर भुगा उडतो. काका माझ्याकडे पाहतच नसत, जमिनीवर काय पडते आहे ते पाहत. मी वेग वाढवू लागले की म्हणत, "घाई कित्याक? लाकूड खंय पळान जाणा नाय."

दुसरा नियम असा, की कापत जायचे ते नेहमी जाड भागाकडून बारीक भागाकडे. खांद्याकडून मानेकडे यायचे, हनुवटीकडूनही मानेकडेच यायचे. मानेकडून वर चढायला गेले की तंतू उचकटतात. आणि मान सर्वांत शेवटी करायची. ती आधी बारीक केली तर पुढचे सगळे काम थरथरत्या लाकडावर करावे लागते.

आता माणसांकडे वळू. लेथ फक्त गोल वस्तू देतो. त्यात हात नाहीत, नाक नाही, पदर नाही, मिशा नाहीत. जे काही सांगायचे ते जाडी आणि उंची या दोनच मापांत. ही अडचण जगभरच्या कातार्‍यांना आली आहे. जपानच्या ईशान्येकडील तोहोकू भागात गरम पाण्याच्या झऱ्यांच्या गावी 'कोकेशी' नावाच्या बाहुल्या होतात. त्यांना हातपाय नसतातच, एक डोके आणि एक धड. त्यांतल्या नारुको गावच्या बाहुलीचे डोके धडात घट्ट बसवतात, ते फिरवले की कुईं असा आवाज येतो. रशियाची 'मात्र्योश्का' तर कुटुंबच आहे. १८९० च्या दशकात वसिली झ्व्योझ्दोच्किन या कातार्‍याने ती कातली आणि सर्गेई माल्युतिन या चित्रकाराने रंगवली. एकात एक अशा आठ बाहुल्या, शेवटची दुपट्यात गुंडाळलेले बाळ. असा संच करताना ते सर्वांत लहान, भरीव बाळ आधी करतात आणि बाकीच्यांची मापे त्याच्यावरून ठरत जातात. घराघरांतही पुष्कळदा तसेच असते म्हणा.

आमच्या पडवीतले कुटुंब मात्र बापापासून सुरू होई. भिंतीवरच्या त्या पट्ट्या म्हणजे मापपट्ट्या. प्रत्येक पट्टीवर खाचा: इथे डोक्याचा माथा, इथे हनुवटी, इथे खांदा, इथे कंबर, इथे तळ. फिरत्या लाकडाला पट्टी लावून खाचांशी पेन्सिल टेकवली की लाकडावर पाच रेघा उमटतात. बाप ६ इंच, आई साडेपाच, मुलगा ४, मुलगी साडेतीन. बाप खांद्याशी सर्वांत रुंद आणि खाली निमुळता; आई खांद्याशी अरुंद आणि घोट्याशी, साडीचा घेर असतो तिथे, रुंद. एवढ्या एका फरकावर बघणारा पुरुष आणि बाई ओळखतो.

मूल करणे मला सर्वांत शिकवून गेले. बापाच्या सगळ्या खाचा त्याच प्रमाणात लहान केल्या तर मूल होत नाही; लांबवर उभा असलेला बाप दिसतो. तान्ह्या बाळाचे डोके त्याच्या उंचीच्या साधारण चौथाई असते, मोठ्या माणसाचे सातवा-आठवा हिस्सा. खेळण्यात हे आणखी वाढवतात. काकांच्या पट्टीवर बापाचे डोके उंचीच्या चौथ्या हिस्स्याचे होते, मुलीचे जवळजवळ तिसऱ्या. मान जवळपास नाहीच. तेव्हा कुठे ती मुलगी वाटते. आणि गंमत अशी, की एकटी ठेवली तर तीही नुसती सोंगटी असते. शेजारी आई उभी केली की ती मुलगी होते, आणि तिच्यामुळे आई आई होते. लेथवर एकच माणूस करता येत नाही असे मला वाटू लागले ते इथे.

आमच्या घरात बाबा नाहीत. मी दुसरीत असताना ते गेले. घरात आई, आजी आणि मी. मला माझा संच तीन माणसांचा करायचा होता, आणि भिंतीवर आजीची पट्टीच नव्हती. काकांना विचारले तर म्हणाले, "म्हातारेक कोण घेतलो?" यात तुच्छता नव्हती, हिशेब होता. दुकानदारांची मागणी चारांच्या संचाची असते. पाचवी बाहुली आली की खोका बदलतो, खोका बदलला की भाव बदलतो, आणि प्लॅस्टिकच्या खेळण्यांशेजारी मांडलेल्या मालाचा भाव वाढवून चालत नाही. आमच्या कुटुंबांतून आजी कधी आणि का वगळली जाते याची कारणे आपण समाजशास्त्राच्या तासाला बरीच ऐकतो. खोक्याचे कारण मी तिथे कधी ऐकले नव्हते.

तरी लेथ मोकळा असला की करून बघ, असे काका म्हणाले. आजीची अडचण तिच्या पाठीत होती. लेथ वाकलेली पाठ देत नाही. त्यावर सगळेच ताठ जन्मतात. पहिल्यांदा मी नुसती उंची ४ इंचांवर आणली, मान काढून टाकली आणि डोके खांद्यांत बसवले. ती म्हातारी वाटत होती, पण लठ्ठ म्हातारी, आणि माझी आजी काटकुळी आहे. तेव्हा काकांनी दुसरा मध्य दाखवला. धड पूर्ण कातून घ्यायचे, पण डोक्याचा भाग जाडच ठेवायचा. मग डोक्याकडच्या टोकावर जुन्या मध्याच्या बाजूला, पाव इंचापेक्षाही कमी अंतरावर, दुसरी खूण करायची आणि लाकूड त्या खुणेवर चढवायचे. तळाकडचा मध्य तोच. आता आस तिरपा झाला. वेग निम्म्यावर आणायचा, कारण तोल गेलेले लाकूड हादरते. धड पुन्हा सावलीसारखे धुरकट दिसू लागते, त्याच्या जवळ बोट न्यायचे नाही. या तिरप्या आसावर डोके कातले की ते धडाच्या सरळ रेषेत न राहता किंचित पुढे येते. आजी काहीतरी शोधायला वाकल्यासारखी दिसते. काकांनी ती हातात घेऊन सगळ्या बाजूंनी फिरवली आणि म्हणाले, "आणि जरा वाकव." दुसरी केली ती अधिक बरी झाली.

रंगाचे काम त्यामानाने आनंदाचे. टेकू बाजूला काढायचा, आधी जाड आणि मग बारीक पॉलिश पेपर लावायचा, आणि मग लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवरच्या किड्यांचा स्राव. घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून लाकडावर चढते. ब्रश नाही, वाळवणे नाही. नंतर केवड्याचे पान दाबून धरले की रंग सारखा पसरतो आणि झळाळी येते. तिरप्या आसाच्या आजीला धड आणि डोके दोन वेगवेगळ्या मध्यांवर धरून दोनदा रंगवावे लागले. तिचे डोके मी पांढरे केले आणि लुगडे हिरवे. आईचे लुगडे निळे. आई या संचात सर्वांत उंच आहे, कारण आमच्या घरात ती तशीच आहे.

निघताना काकांनी आजीची पट्टी ठेवून घेतली. तिच्यावर दुसऱ्या मध्याचे अंतर पेन्सिलीने मांडले होते. ते पुसले जाईल म्हणून त्यांनी तिथे खिळ्याच्या टोकाने भोक पाडले आणि पट्टी मुलीच्या पट्टीशेजारी टांगली.