काशीत पोचलात, पण घाटापर्यंत?

मुंबईहून महानगरी एक्स्प्रेसने सुमारे दीड हजार किलोमीटर पार करून मराठी यात्रेकरू वाराणसी कँट स्टेशनावर उतरतो. हुश्श म्हणतो. पण खरी कसोटी पुढेच असते! तिथून गोदौलिया चौक जेमतेम चार किलोमीटर. सणावाराला एवढ्याच अंतरात जीव मेटाकुटीला येतो.

यात्रेकरूचं हे एका दिवसाचं दुखणं, बनारसच्या रहिवाशांचं मात्र रोजचं. मदनपुऱ्यातला विणकर, काशी हिंदू विद्यापीठातला विद्यार्थी, तिथल्याच सर सुंदरलाल रुग्णालयात निघालेला आजारी माणूस, सगळ्यांची भिस्त शेअर ऑटोवर आणि ई-रिक्षावर. बॅटरीवरच्या या रिक्षांनी पायाने पॅडल मारणाऱ्या सायकलरिक्षावाल्याच्या पोटावर आधीच पाय आणला आहे. गोदौलियापुढे तर दशाश्वमेध घाटापर्यंत बहुतेकांना पायीच जावं लागतं. जुन्या गल्ल्या मोटारींसाठी बांधलेल्याच नाहीत.

रस्ते रुंद करायला जागा नाही, म्हणून शहराने वर पाहिलं. २४ मार्च २०२३ रोजी कँट ते गोदौलिया रोपवेची पायाभरणी झाली. लांबी सुमारे पावणेचार किलोमीटर. कँट, काशी विद्यापीठ, रथयात्रा, गिरजाघर आणि गोदौलिया ही पाच स्थानकं. एका पाळण्यात दहा माणसं आणि आराखड्यानुसार प्रवास सुमारे सोळा मिनिटांचा. २०२५मध्ये चाचण्याही झाल्या. रायगडाचा रोपवे आपल्या परिचयाचा आहे, पण तो गड चढण्यासाठी. रोजच्या शहरी वाहतुकीसाठी रोपवे बांधण्याचा भारतातला हा पहिलाच प्रयोग. कोलंबियातल्या मेडेयीन शहराने तो २००४मध्येच करून डोंगरावरच्या गरीब वस्त्या खालच्या मेट्रोला जोडल्या.

इथे ‘जोडल्या’ हा शब्द महत्त्वाचा. दक्षिण कोरियाच्या सोल शहराने २००४मध्येच बस आणि भुयारी रेल्वेचं भाडं एकत्र केलं. एकच कार्ड दाखवायचं, बसमधून उतरून रेल्वेत बसायचं. पैसे एकूण अंतराचे. वाहन बदललं म्हणून नव्याने भुर्दंड नाही. नोकरदाराला आणि शाळकरी मुलाला आधार वाटतो तो याच सोयीचा.

वाराणसीत रोपवे गोदौलियाला संपतो. विद्यापीठाचं रुग्णालय तिथून दक्षिणेला काही किलोमीटर दूर. म्हणजे रुग्णाला पाळण्यातून उतरून पुन्हा रिक्षा शोधायची, पुन्हा वेगळं भाडं मोजायचं. मग तो पाळण्यात बसेलच कशाला? ती सोय यात्रेकरूंपुरतीच उरेल.

उलट, स्थानकाच्या पायरीशीच ठरलेल्या दराची रिक्षा मिळाली तर? रुग्णाची धावपळ वाचेल आणि रिक्षावाल्यालाही खात्रीचं गिऱ्हाईक मिळेल. त्यासाठी नवे खांब रोवायची गरज नाही. रिक्षातळाला जागा आणि भाड्याचा फलक एवढं पुरे.