डॅशहुंडची पाठ आणि त्याची वाटी

डॅशहुंडच्या आखूड पायांशी निगडित असलेलं एक जनुक त्याच्या मणक्यांमधल्या चकत्याही अकाली कडक करतं. अशी चकती फाटून मज्जारज्जूवर दाब आला की मागचे पाय लुळे पडतात. औषध, शस्त्रक्रिया हे पशुवैद्यांचं काम. पण नंतरचे काही आठवडे सक्तीच्या विश्रांतीत वाटीत काय पडतं, ते घरच्यांच्याच हाती असतं.

हालचाल थांबली की उष्मांकांची गरज घटते. आपण मात्र कीव येऊन तुपाची पोळी पुढे करतो. हे लाड थांबवायलाच हवेत, कारण वाढलेलं वजन त्याच दुखऱ्या पाठीला पेलावं लागतं. तळवा बरगड्यांवरून हलकेच फिरवा. न दाबता बरगड्या हाताला लागल्या आणि वरून बघताना कंबर दिसली, तर वजन ठीक. खाऊचे तुकडे दिवसाच्या उष्मांकांच्या १० टक्क्यांच्या आतच ठेवा.

उपासमारही नको. न वापरलेले स्नायू झपाट्याने झिजतात, म्हणून मूत्रपिंड निरोगी असेल तर चांगली प्रथिनं हवीत: उकडलेलं अंडं, कांदा-लसूण न घातलेलं चिकन. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र मनाने सुरू करू नका. चकती म्हणजे हाड नव्हे.

पाठीच्या दुखण्याशिवाय कुत्र्याला फिटही येत असेल आणि त्यासाठी पोटॅशियम ब्रोमाइड चालू असेल, तर त्याला खारट पदार्थांपासून जपा. जादा मिठामुळे हे औषध लघवीवाटे लवकर निघून जातं आणि फिट पुन्हा येऊ शकते. पापड, फरसाण, वेफर्स त्याला कुणीही देऊ नये, हे घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही सांगून ठेवा.