पेट्रोल-मोटारीचे ‘गॅसवर’ रूपांतर : एका सामासिक संज्ञेतील लुप्त पदाविषयी

‘गाडी गॅसवर केली’ हा वाक्प्रयोग मराठी बोलण्यात आता इतका रुळला आहे की, त्यातील ‘गॅस’ या पदाने नेमका कोणता पदार्थ अभिप्रेत आहे, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. घरात ‘गॅस संपला’ म्हणजे सिलिंडर रिकामा झाला. ‘गॅस बारीक कर’ म्हणजे शेगडीची ज्योत कमी कर. रस्त्यावरची ‘गॅसची रांग’ बहुधा सीएनजीची असते. आणि अमेरिकेत राहून आलेला नातलग ‘गॅस भरला’ म्हणतो तेव्हा त्याने भरलेले असते ते साधे पेट्रोल. सतराव्या शतकात फान हेल्मोंट या ब्रसेल्सच्या रसायनज्ञाने ग्रीक ‘खाओस’ या शब्दावरून हा शब्द बनविला. आपल्या व्युत्पत्तीशी तो आजही इमान राखून आहे, असे विनोदाने म्हणता येईल.

एलपीजी या संज्ञेचा विस्तार ‘द्रवीभूत पेट्रोलियम वायू’ असा होतो. बोलीने या तीन पदांपैकी शेवटचे तेवढे ठेवले आणि पहिले टाकून दिले. असा लोप भाषेत नित्याचाच असून त्यात वावगे काही नाही. परंतु जुनी पेट्रोल-मोटार रोजच्या लांबच्या ये-जा करण्यासाठी एलपीजीवर चालवू पाहणाऱ्याचे सारे हिताहित नेमके त्या टाकून दिलेल्या ‘द्रवीभूत’ या पदात साठलेले आहे. तो जे विकत घेतो ते वायू नसून द्रव असते. ते लिटरने मोजले जाते आणि गाडीतच उकळून त्याचा वायू करावा लागतो.

हा द्रव मुख्यतः प्रोपेन आणि ब्यूटेन यांचे मिश्रण होय. प्रोपेनचा उत्कलनबिंदू उणे ४२ अंश सेल्सिअस, तर ब्यूटेनचा शून्याच्या किंचित खाली. म्हणजे आपल्याकडील कोणत्याही ऋतूत उघड्यावर ही दोन्ही द्रव्ये वायुरूपच असावयाची. केवळ टाकीतील दाबामुळे ती द्रवरूपात राहतात. एक लिटर द्रवाचा सुमारे अडीचशे लिटर वायू होतो. घरचा १४.२ किलोचा सिलिंडर उभा ठेवला जातो आणि त्याच्या वरच्या भागात जमलेला वायू शेगडीकडे जातो. आतील द्रव खोलीच्या उष्णतेवर सावकाश उकळत राहतो. शेगडी फार वेळ मोठी ठेवल्यास सिलिंडरला बाहेरून घाम फुटलेला दिसतो तो याच कारणाने. मोटारीची भूक याहून फार मोठी असल्याने तेथे ही सावकाशी परवडत नाही. म्हणून मोटारीच्या टाकीत नळी तळापर्यंत नेलेली असते आणि तिच्यातून द्रवच इंजिनाकडे धाडला जातो. शिवाय हा द्रव उन्हाने पाण्याच्या मानाने कितीतरी अधिक फुगतो. यासाठी टाकी ८० टक्के भरताच आत जाण्याचा मार्ग आपोआप बंद करणारी झडप तिला असते. ६० लिटरच्या टाकीत ४८ लिटरच मावतात, ही पंपवाल्याची लबाडी नव्हे. घरचा सिलिंडर डिकीत ठेवून त्यावर गाडी चालविणारे आजही आढळतात. हे कृत्य बेकायदेशीर तर आहेच. पण सिलिंडरमध्ये ना ही झडप असते, ना मोटारीस लागणारी रचना, हे कायद्याहूनही मोठे कारण समजावे.

द्रव उकळविण्याचे काम इंजिनाजवळ बसविलेल्या रिड्यूसर नावाच्या पेटीत होते. उकळताना द्रव सभोवतालची उष्णता शोषून घेतो. ती पुरविण्यासाठी रेडिएटरकडे जाणारे इंजिनाचे गरम पाणी एका फाट्याने या पेटीतून फिरविले जाते. म्हणूनच गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू करावी आणि पाणी तापल्यानंतरच गॅसवर न्यावी, असा दंडक आहे. रेडिएटरमधले पाणी कमी असले, अथवा फाट्यात हवा अडकली, तर रिड्यूसरवर भर उन्हाळ्यात बर्फ जमते आणि गाडी आचके देऊन बंद पडते. मेकॅनिक अशा वेळी ‘गॅस गोठला’ म्हणतो. वस्तुतः एलपीजी गोठलेला नसतो. तो न उकळता पुढे गेलेला असतो, आणि बर्फ असते ते हवेतील ओलाव्याचे. थोडक्यात, या गाडीत कूलंटची पातळी पाहणे हे इंधन पाहण्याइतकेच महत्त्वाचे ठरते.

पुढची रचना गाडीच्या वयावर अवलंबून असते. कार्ब्युरेटरच्या गाडीत हवेच्या मार्गात मिक्सर बसवून वायू ओढून घेतला जातो; इंजेक्शनच्या गाडीत प्रत्येक सिलिंडरसाठी वायूचा स्वतंत्र इंजेक्टर असतो. दुसरी पद्धत महाग, परंतु निःसंशय चांगली. मिक्सरच्या गाडीत प्लग अगर त्याची वायर थकलेली असली, तर ठिणगी चुकून हवेच्या मार्गातील मिश्रणच पेटते आणि एअर फिल्टरचे झाकण उडते. गॅसला पेट्रोलपेक्षा सशक्त ठिणगी लागते, एवढे लक्षात ठेवून प्लग वेळेवर बदलले म्हणजे पुरे.

आता खर्चाचा विचार. एक लिटर एलपीजीत एक लिटर पेट्रोलच्या जवळपास पाऊणपट ते चार-पंचमांश ऊर्जा असते. वजनावारी पाहिल्यास एलपीजी किंचित सरस ठरते, पण ते पेट्रोलहून हलके असल्याने लिटरमागे मागे पडते. हिशेबाच्या सोयीसाठी पेट्रोल १०० रुपये आणि गॅस ६० रुपये लिटर असे धरू. महिन्याचे पंचवीस दिवस, रोज शंभर किलोमीटर, म्हणजे २,५०० किलोमीटर झाले. पेट्रोलवर लिटरला १५ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला १६७ लिटर, म्हणजे १६,७०० रुपये लागतील. पुष्कळजण येथे लिटरमागे चाळीस रुपये वाचले असे मानून महिन्याला सुमारे ६,७०० रुपयांची बचत मांडतात. परंतु गॅसवर तीच गाडी लिटरला १२ किलोमीटर जाईल, २०८ लिटर पिईल आणि १२,५०० रुपये घेईल. सकाळच्या पेट्रोलचा खर्च वजा जाता खरी बचत सुमारे चार हजारांची. बसविण्याचा खर्च ४०,००० धरला, तर तो सहा नव्हे, दहा महिन्यांत फिटेल. गॅसचा दर पेट्रोलच्या चार-पंचमांशावर गेला, की बचत मुळातच संपते. हाच माणूस गावातल्या गावात दिवसाला वीस किलोमीटर हिंडणारा असेल, तर फेडीस पन्नास महिने लागतील. प्रत्यक्षात त्याहूनही अधिक, कारण पाणी तापून गाडी गॅसवर जाते न जाते तोच घर येते. सबब हे रूपांतर लांब पल्ल्याच्या नित्य प्रवाशालाच मानवते. आणि त्यालाही, वाटेवर एलपीजीचा पंप असेल तरच. हे पंप सीएनजीच्या मानाने विरळ आहेत.

या हिशेबात न येणारी एक बाब जुन्या इंजिनात दडलेली असते. पेट्रोलमध्ये शिसे असे, त्या काळी ज्वलनातून उरलेला शिशाच्या संयुगांचा पातळ थर व्हॉल्व्ह आणि त्याची बैठक यांच्यामध्ये गादीसारखा राही. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल आले आणि ती गादी गेली. एलपीजी तर कोरड्या वायूच्या रूपाने आत जाते. पेट्रोलच्या थेंबांमुळे मिळणारा थोडाफार ओलावा आणि गारवाही त्यासोबत जातो. अँबॅसडरच्या १,४८९ सीसी इंजिनासारख्या जुन्या बांधणीत व्हॉल्व्हची बैठक बिडाच्या हेडमध्येच कोरलेली असे. अशी मऊ बैठक हळूहळू झिजते आणि व्हॉल्व्ह वर हेडमध्ये रुतत जातो. ॲल्युमिनियमच्या हेडमध्ये वेगळी कडी बसवावीच लागते, म्हणून तेथे धोका कमी. तथापि सर्वच कड्या सारख्या कठीण नसतात.

प्रस्तुत लेखकाच्या जुन्या मोटारीत गॅस बसविल्यावर सुमारे अठरा हजार किलोमीटरनंतर टॅपेटचा खडखडाट एकाएकी कमी झाला. इंजिन शांत झाले, याचे आम्हांस समाधानच वाटले. ते शुभलक्षण नव्हते. व्हॉल्व्ह रुतत गेल्याने टॅपेटची फट भरत आली होती. पुढे ती नाहीशी झाली, व्हॉल्व्ह पुरता मिटेना, आणि सकाळी गाडी सुरू होईना. अखेर हेड उतरवून कठीण पोलादाच्या कड्या बसवाव्या लागल्या. त्या खर्चात आधीच्या कित्येक महिन्यांची बचत गेली. ज्याच्या गाडीस मऊ बैठका आहेत त्याने कड्यांचा खर्च आरंभीच किटच्या किमतीत मिळवावा आणि दर पाच हजार किलोमीटरला टॅपेटची फट मोजून घ्यावी. ती घटत असेल तर तीच पूर्वसूचना होय.

‘गॅस’ या एका नावाखाली सीएनजी आणि एलपीजी एकत्र आल्याने होणारा घोटाळा मात्र पैशांपुरता राहत नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन. तो सुमारे २०० वातावरणदाबाखाली कोंबलेला खराखुरा वायू असून हवेच्या जवळपास निम्म्या वजनाचा असतो. गळती झाली की तो वर उडून जातो. एलपीजीचा दाब त्याच्या वीसपट तरी कमी, म्हणून टाकी हलकी असते आणि स्टेपनीच्या जागेत बसेल अशी वर्तुळाकारही मिळते. परंतु त्याचा वायू हवेच्या दीड ते दोन पट जड आहे. तो जमिनीलगत पसरतो आणि सखल जागी साचतो. हवेत त्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आसपास होताच मिश्रण ज्वालाग्राही बनते. ‘वरची खिडकी उघडी आहे, वायू निघून जाईल’ हा सीएनजीच्या गाडीवरून घेतलेला धडा येथे घातक होय. तळघरातील वाहनतळ आणि गॅरेजातील दुरुस्तीचा खड्डा या जागा अशा गाडीस वर्ज्य समजाव्यात. मर्कॅप्टनचा तो परिचित दर्प आला, तर दिव्याचे बटनही न दाबता टाकीवरील झडप बंद करावी आणि गाडी ढकलत मोकळ्यावर न्यावी.

राहता राहिली कायद्याची बाजू. मोटारीत एलपीजी वापरण्यास भारतात मोकळीक मिळाली ती मोटार वाहन अधिनियमात २००० साली झालेल्या दुरुस्तीनंतर; वापराचे नियमन करणारा आदेश २००१ चा आहे. किट त्या इंजिनक्षमतेसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्य चाचणीसंस्थेने प्रमाणित केलेले असावे लागते, तर टाकीस नागपूर येथे मुख्यालय असलेल्या स्फोटके सुरक्षा संघटनेची मान्यता लागते. विहित मुदतीनंतर टाकीची फेरतपासणीही करावी लागते. कलम ५२ अन्वये बदल केल्यापासून चौदा दिवसांत नोंदणी अधिकाऱ्यास कळवून नोंदणीपुस्तकात इंधनाची नोंद बदलून घ्यावयाची असते, आणि विमा कंपनीसही लेखी कळवावे लागते. खाजगी गाडीची पहिली नोंदणी पंधरा वर्षांची असते. तेव्हा चौदाव्या वर्षी गाडी गॅसवर करणाऱ्याने फेडीचे दहा महिने मोजताना नूतनीकरणाच्या तपासणीत ही गाडी उतरेल की नाही, याची चौकशी किट बसविण्यापूर्वीच करून ठेवावी. त्या तपासणीत नोंदणीपुस्तकातील इंधनाचा रकाना आणि डिकीतील टाकी यांचा मेळ घालून पाहिला जातो.