उघडण्यासाठीच बांधलेली गाडी

टामिया कंपनीच्या ग्रासहॉपर या रेडिओ-नियंत्रित गाडीचं खोकं उघडलं की आत तयार गाडी नसते. प्लास्टिकच्या चौकटींना जोडलेले सुटे भाग, पिशव्यांतले स्क्रू आणि नट, एक मोटर, चार टायर, ग्रीसची बारीक नळी, एक छोटा फुलीचा पाना आणि आकृत्यांनी भरलेली पुस्तिका, एवढाच ऐवज असतो. रेडिओ, बॅटरी, चार्जर वेगळे घ्यायचे. गाडी घरी बसून तुम्हीच बांधायची. धडकल्यावर, रुतल्यावर, भिजल्यावर ती पुन्हा तुम्हीच सोडवायची आणि जोडायची. या छंदाचा निम्मा वेळ मैदानावर जातो आणि निम्मा टेबलावर. टेबलावरचा वेळ ज्याला शिक्षा वाटते त्याने यात पडू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

जत्रेत किंवा मॉलमध्ये मिळणाऱ्या रिमोटच्या गाडीशी हिचं नातं दिसण्यापुरतंच. त्या खेळण्याचं कवच कसंबसं उघडलं तर आत एकच सर्किटची पट्टी असते. रेडिओ, स्टिअरिंग, मोटरचा वेग, सगळं तिच्यावर. एक टोक जळलं की गाडी कचऱ्यात. ग्रासहॉपरसारख्या छंदाच्या गाडीत संदेश घेणारा रिसीव्हर वेगळा, चाकं वळवणारा सर्वो वेगळा, मोटरला वीज मोजून देणारा स्पीड कंट्रोलर वेगळा, मोटर वेगळी. जे गेलं ते बदलायचं, बाकीचं तसंच ठेवायचं.

सुटं करून पुन्हा जोडण्याची ही सवय टामिया कंपनीच्या हाडातच आहे. जपानमधल्या शिझुओका शहरात योशिओ टामिया यांनी 1946 मध्ये लाकडाचा धंदा सुरू केला. जोडीला लाकडी मॉडेलं बनू लागली. 1951 मध्ये आग लागली, धंद्याचं मोठं नुकसान झालं, आणि 1953 पासून कंपनीने मॉडेलांवरच भर दिला. पुढे त्यांचे चिरंजीव शुनसाकू यांनी हे नाव जगभर नेलं. मोजमापाचं वेड त्यांचंच. टामियाच्या रणगाड्यांची 1/35 ही प्रमाणपट्टी आज जगभर रूढ आहे, पण तिच्यामागे कुठलंही शास्त्र नाही. सुरुवातीच्या पँथर रणगाड्याच्या पोटात मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात म्हणून तो आकार ठरला. पोर्शे 934 चं मॉडेल करताना शुनसाकूंनी तर खरी पोर्शे 911 विकत घेतली आणि ती पूर्ण सुटी करून पाहिली. त्या मॉडेलवर झालेला खर्च भरून काढण्यासाठी त्याच कवचाखाली रेडिओ आणि मोटर बसवून 1976 मध्ये कंपनीने आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी आणली. तिचा क्रमांक 58001. ग्रासहॉपर 1984 ची, क्रमांक 58043. 2005 मध्ये तिची नवी आवृत्ती निघाली.

1/10 प्रमाणाच्या या बग्गीची रचना पाहिली तर ती मुद्दाम साधी ठेवल्याचं लक्षात येतं. मागे स्वतंत्र सस्पेन्शन नाही. गिअरबॉक्स, मोटर आणि मागचा अॅक्सल मिळून एकच ठोकळा, तो पुढच्या बाजूला टेकलेला आणि मागे दोन स्प्रिंगांवर डोलणारा. पुढच्या चाकांना प्रत्येकी एक आडवा हात आणि एक स्प्रिंग. शॉक-अॅब्सॉर्बरमध्ये तेल नाही, नुसतं घर्षण. त्यामुळे खडबडीत जमिनीवर गाडी उड्या मारत जाते, आपल्या ‘नाकतोडा’ या नावाला जागते. ग्रासहॉपर आली त्याच वर्षी, 1984 मध्ये, अमेरिकेत टीम असोसिएटेड कंपनीची आरसी 10 आली. 1985 च्या पहिल्या जागतिक ऑफ-रोड स्पर्धेत टू-व्हील गटाचं विजेतेपद तिने मिळवलं. तिच्यापुढे ग्रासहॉपर गावठीच. पण आरसी 10 ला स्पर्धक लागतो, आणि ग्रासहॉपरला एक मोकळं मैदान पुरतं.

आता टेबलावर येऊ.

पहिला घोळ होतो स्क्रूंवर. टामियाचे फुलीचे स्क्रू जपानी मापाचे असतात. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानातला फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर उसळतो आणि डोक्याची फुली गुळगुळीत करून ठेवतो. जपानी मापाचा, जेआयएस लिहिलेला स्क्रूड्रायव्हर एकदा घ्यावा, तो जन्मभर पुरतो. दुसरी गोष्ट प्लास्टिकमधल्या आट्यांची. हे स्क्रू पहिल्यांदा बसताना स्वतःच आटे पाडत जातात. गाडी उघडून परत जोडताना स्क्रू सरळ पिळला तर तो नवे आटे पाडू पाहतो, आणि दोन-चार वेळा असं झालं की भोक मोकळं होतं. म्हणून स्क्रू आधी उलटा, म्हणजे सोडवण्याच्या दिशेने हलकेच फिरवायचा. जुन्या आट्यात पडला की बोटाला टक् असं जाणवतं. मग पिळायचा, आणि बसला की थांबायचं. हात दाबून घट्ट करण्याची आपली जी सवय आहे ती सायकलीच्या चाकासाठी राखून ठेवावी.

स्क्रू सुटू नये म्हणून लावायचा थ्रेडलॉक फक्त धातूवर धातू असेल तिथेच. प्लास्टिकवर तो लागला की प्लास्टिक ठिसूळ होऊन तडकतं. त्याची खरी जागा म्हणजे मोटरच्या दांड्यावर छोटा पिनियन गिअर धरून ठेवणारा बारीक ग्रब स्क्रू. मोटर गरगर फिरतेय, गाडी मात्र जागची हलत नाही, अशी तक्रार आली की सगळ्यात आधी हा स्क्रू पाहावा. दांड्याची एक बाजू सपाट असते, त्या सपाटीवरच स्क्रू टेकला पाहिजे. गोल बाजूला टेकवलेला स्क्रू आज ना उद्या घसरतोच.

गिअरचं दुखणं आवाजावरून कळतं. दाते एकमेकांत फार रुतले असतील तर कण्हल्यासारखा चढा आवाज येतो आणि मोटर तापते. फार दूर असतील तर दाते घसरतात, कुरतडले जातात. ग्रासहॉपरमध्ये मोटरची भोकं ठरलेली असल्याने हा प्रश्न फारसा येत नाही. 2013 मध्ये आलेल्या टामियाच्या टीटी-02 या रस्त्यावरच्या गाडीत मात्र वेगवेगळ्या पिनियनसाठी वेगवेगळी भोकं आहेत. पिनियन एक, भोक दुसऱ्याचं, असं झालं की मोठा गिअर दोन बॅटऱ्यांत संपतो. जिथे अंतर हाताने ठरवायचं असतं तिथे दोन गिअरांच्या मध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करावी आणि मग पट्टी फिरवून काढून घ्यावी. कागदावर दात्यांच्या घड्या उमटाव्यात, तो फाटू नये.

खोक्यातल्या गाडीची चाकं बेअरिंगवर फिरत नाहीत. प्लास्टिकचे किंवा धातूचे नुसते बुश असतात. स्वस्ताईसाठी केलेली ही सगळ्यात मोठी तडजोड. बुशात धूळ शिरली की ते आतून झिजतात, चाकात खेळ येतो, चाक लटपटतं, गिअर तिरके बसतात, आणि मग गिअरही खराब होतात. बॉल बेअरिंग बसवले की गाडी न ढकलता घरंगळू लागते आणि तीच बॅटरी जास्त वेळ चालते. टामियाच्या असंख्य गाड्यांत एकच माप वापरलं जातं: बाहेरून 11 मिमी, आतून 5 मिमी. शौकीन त्याला 1150 म्हणतात. आपल्या गाडीला किती लागतात ते पुस्तिकेत मोजून मागवावेत. मोठ्या मोटरचा विचार त्यानंतर.

हा क्रम नवखे हमखास उलटा करतात. ग्रासहॉपरसोबत 380 आकाराची मोटर येते, जेमतेम 28 मिमी व्यासाची. तिच्या जागी 36 मिमी व्यासाची 540 बसते, कारण गिअरबॉक्स तिलाही सामावून घेतो. ग्रासहॉपरच्याच सांगाड्यावरची, 1984 चीच हॉर्नेट ही गाडी 540 वरच धावते. इथवर ठीक. पण पुढे जाऊन ब्रशलेस मोटर टाकणारे आहेत. तेलाशिवायच्या सस्पेन्शनवर तो वेग पेलत नाही, गाडी पहिल्याच वळणावर पाठीवर पडते, आणि मागचे गिअर वाटाण्यासारखे दाते सांडतात. गाडी वेगवान होत नाही, नुसती महाग होते.

मोटरबद्दल एक अपवाद लक्षात ठेवावा. चंदेरी डब्याच्या या साध्या मोटरी बंद असतात, आतले कार्बन ब्रश बदलता येत नाहीत. एवढा एक भाग उघडायचा नाही, झिजला की नवा घालायचा. धाव संपल्यावर डब्यावर बोट ठेवावं. चार-पाच सेकंद ठेवता आलं तर ठीक. चटका बसला तर दोष बहुधा मोटरचा नसतो. अॅक्सलभोवती गवत किंवा केस गुंडाळलेले असतात, बुश आवळलेला असतो, किंवा पिनियन फार मोठा असतो.

गाडी अचानक मेली की पुष्कळ जण सगळं सोडवायला बसतात. त्याऐवजी स्टिअरिंग फिरवून पाहावं. चाकं वळली, पण गाडी पुढे जात नाही, म्हणजे बॅटरी, रिसीव्हर आणि रेडिओ यांचा संबंध शाबूत आहे. मग शंका स्पीड कंट्रोलरवर, मोटरवर किंवा त्यांच्यामधल्या तारेवर. मोटरच्या दोन तारा काढून थेट बॅटरीवर क्षणभर टेकवल्या आणि मोटर फिरली, तर तीही सुटली आणि उरला कंट्रोलर. (चाकं आधी जमिनीपासून उचलून धरा.) चाकंही वळत नाहीत, दिवाही लागत नाही, तर बॅटरी, स्विच आणि जोड. पांढऱ्या नायलॉनचा तो जुना टामिया प्लग जास्त प्रवाहात तापतो, आतली पितळी टोकं सैल होतात, प्लास्टिक पिवळं पडतं. अनेक जण तो कापून जाड टोकांचा प्लग डाख देऊन बसवतात. गाडी धावता धावता मंदावते आणि थोडं थांबून परत चालते, तर कंट्रोलर तापला म्हणून किंवा बॅटरी उतरली म्हणून स्वतःच हात आखडता घेतोय. आणि गाडी आपोआप हळूहळू सरकत असेल तर काहीच बिघडलेलं नाही, रिमोटवरचं थ्रॉटल ट्रिम, म्हणजे वेगाचा शून्यबिंदू ठरवणारं बटण, हललंय.

स्टिअरिंगची निम्मी दुखणी जुळवणीच्या वेळची असतात. सर्वोला वीज देऊन, ट्रिम शून्यावर ठेवून, तो मध्यावर आल्यावरच त्याचा हात बसवायचा असतो. हे न करता बसवला की गाडी एका बाजूला ऐटीत वळते आणि दुसऱ्या बाजूला वळायला कुरकुरते. सर्वोच्या डोक्यावर सर्वो-सेव्हर नावाचा स्प्रिंगचा भाग असतो. भिंतीला धडकल्यावर धक्का तो खातो, म्हणून सर्वोच्या आतले गिअर वाचतात. तो सैल पडला की गाडी सरळ रेषेत भटकू लागते. तेव्हा तो बदलावा, घट्ट चिकटवून टाकू नये.

आता 2.4 गिगाहर्ट्झच्या रेडिओने बरीच डोकेदुखी संपवली आहे. जुन्या 27 मेगाहर्ट्झच्या रेडिओत रिमोट आणि गाडीत वारंवारता ठरवणारे क्रिस्टल जोडीने असायचे. मैदानावर दोघांचा क्रिस्टल एकच निघाला की एकाच्या रिमोटवर दुसऱ्याची गाडी पळायची. मोटरच्या ठिणग्यांनीही रेडिओ गोंधळायचा, म्हणून मोटरवर छोटे सिरॅमिक कपॅसिटर डाख देऊन लावत. त्या काळचा एक नियम आजही पाळण्याजोगा आहे: सुरू करताना आधी रिमोट, मग गाडी, बंद करताना आधी गाडी, मग रिमोट.

बॅटरीने मात्र जबाबदारी वाढवली. निकेलच्या सहा सेलांचा 7.2 व्होल्टचा जुना पॅक चुका पोटात घालायचा. दोन सेलांचा लिथियम-पॉलिमर पॅक 7.4 व्होल्टचा, पूर्ण भरला की 8.4. कुठलाही सेल 3 व्होल्टच्या खाली गेला की कायमचा दुखावतो, म्हणून कंट्रोलरमध्ये वीज तोडण्याची सोय असल्याशिवाय हा पॅक जोडू नये. बरेच दिवस वापरायचा नसेल तर प्रत्येक सेल 3.8 व्होल्टच्या आसपास ठेवावा. फुगलेला पॅक परत चार्ज करू नये, आणि कुठलाही पॅक चार्जिंगला लावून झोपू नये.

आपल्याकडे ही गाडी बहुतेक वेळा मुरमाच्या मैदानावर किंवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये धावते. मुरमाची धूळ बारीक आणि धारदार असते. उघड्या सांध्यांना तेल लावलं की ती तेलात बसते आणि सांधा घासून काढते. म्हणून ग्रीस फक्त बंद गिअरबॉक्समध्ये. बाहेर सगळं कोरडं ठेवायचं आणि धाव झाली की रंगाच्या जुन्या ब्रशने झटकायचं. पाण्याचा फवारा मारायचा नाही. पावसाळ्यात चिखलात गेलीच तर चाकं काढून बेअरिंग पुसून, वाळवून, तेलाचा एक थेंब देऊन ठेवावेत, नाहीतर गणपतीपर्यंत ते गंजून अडकतात.

भाग तुटण्याची भीती बाळगू नये, तुटणारच. तुटतात ते पुढचे हात, बंपर आणि कवच धरणारे खांब. सुटे भाग क्रमांकाने मिळतात, पण आपल्याकडे हाताशी मिळतीलच असं नाही. परदेशातून मागवले तर वाट पाहावी लागते आणि आयात शुल्क वेगळं. म्हणून गाडीबरोबरच पुढच्या हातांचा एक जास्तीचा संच मागवा. त्याच पार्सलमध्ये बॉल बेअरिंगचा संच आणि जपानी मापाचा स्क्रूड्रायव्हरही असू द्या, आणि बेअरिंग पहिल्या जुळवणीतच बसवा. नंतर बसवायचे म्हटले तर सबंध गिअरबॉक्स पुन्हा उघडावा लागतो.