वाद भिंतीचा, साक्ष मुळाची

शेजाऱ्याच्या बांधावरून हरळी एकदां शेतांत शिरली म्हणजे ती खणून काढतां काढतां वर्षें जातात, हें महाराष्ट्रांतील शेतकऱ्यास निराळें सांगावयास नको. इंग्लंड व वेल्स या देशांत असेंच एक चिवट तण घराच्या अंगणांत शिरतें, आणि त्याचा वाद पुष्कळदां कुदळीवर न मिटतां न्यायालयांत जातो. निर्णय न्यायाधीशाचा असतो. पण त्या निर्णयाचा पाया बहुधा तज्ज्ञाच्या अहवालांत घातलेला असतो.

या तणाचें नांव जपानी नॉटवीड. ही आपल्या चुक्याच्या कुळांतील वनस्पति. फिलिप फ्रान्झ फॉन सीबोल्ड या वैद्यानें ती जपानांतून युरोपांत आणली आणि १८५० सालीं ती लंडनजवळच्या क्यू येथील उद्यानांत पोंचली. बागेची शोभा म्हणून लोकांनीं ती हौसेनें लावली. तिचीं खोडें बांबूसारखीं पोकळ व पेरांचीं असून दोन-तीन मीटर उंच वाढतात. हिवाळ्यांत तीं वाळून जातात. परंतु भूमीखालील खोड जिवंत राहतें आणि त्याचा लहानसा तुकडाही पुन्हां रुजतो. १९८१ च्या कायद्यानें हें तण रानांत लावणें किंवा वाढूं देणें गुन्हा ठरविलें. घराच्या आवारांत तें आढळलें तर बँका तें घर तारण घेण्यास कचरतात. भिंतीआडच्या एका झुडपामुळें एखाद्या कुटुंबाची जन्माची पुंजी अडकून पडते, ती अशी.

वाद उभा राहिला म्हणजे तज्ज्ञास तीन प्रश्नांचा उलगडा करावा लागतो. पहिला प्रश्न असा कीं, हें तण खरोखर तेंच आहे काय? भूमिगत खोड कापलें असतां आंत गाजरासारखा नारिंगी रंग दिसतो, ही एक मोठी खूण. दुसरा प्रश्न अधिक अवघड: तें कोणाच्या जमिनींतून आलें, आणि केव्हां? येथें आनुवंशिक परीक्षेचा उपयोग नाहीं. कारण ब्रिटनमधील हें सारें तण एकाच मादी-रोपाच्या तुकड्यांपासून पसरलेलें आहे. म्हणून गड्ड्याचा घेर, जुन्या वाळल्या खोडांचे अवशेष, वाढीची दिशा आणि पूर्वींचीं छायाचित्रें यांवरून अनुमान बांधावें लागतें. औषध मारलेल्या तणास खुरटीं, वेडींवांकडीं पानें फुटतात. अशीं पानें दिसलीं तर पूर्वीं कोणीतरी तें ओळखून दडपण्याचा यत्न केला होता, असा तर्क करतां येतो. घर विकणाऱ्यानें भरावयाच्या माहितीपत्रकांत या तणाविषयीं स्पष्ट प्रश्न असतो. लंडनमधील एका विक्रेत्यानें तेथें ‘नाहीं’ असें लिहिलें आणि २०२३ सालीं त्यास ३२,००० पौंड भरपाई द्यावी लागली.

तिसरा प्रश्न नुकसानीचा. वेल्समधील माइस्टेग येथें रेल्वेच्या बांधावरील तण शेजारच्या दोन घरांच्या जमिनींत शिरलें होतें. नेटवर्क रेल कंपनीविरुद्धच्या त्या दाव्यांत अपील न्यायालयानें २०१८ सालीं असें ठरविलें कीं, केवळ घराची किंमत उतरली एवढ्यानें उपद्रव सिद्ध होत नाहीं. परंतु तण जमिनींत शिरल्यामुळें तिचा उपयोग व उपभोग यांस बाध येतो, आणि तो मात्र उपद्रव होय.

कालनिर्णयाचें महत्त्व ब्रिजेंड कौंटी कौन्सिलविरुद्धच्या दाव्यांत दिसून आलें. वादीनें घर २००४ सालीं घेतलें. तण त्याच्या पूर्वींच कौन्सिलच्या जमिनींतून तेथें आलेलें होतें. सर्व्हेयरांच्या शाही संस्थेनें २०१२ सालीं या तणाविषयीं माहितीपत्रिका काढली, तेव्हां २०१३ पासून तरी कौन्सिलनें जागें व्हावयास हवें होतें. तें तिनें २०१८ पर्यंत केलें नाहीं, हा कसूर सिद्ध झाला. तरीही उपचारानंतर उरलेली सुमारें ४,९०० पौंडांची घट भरून देण्यास सर्वोच्च न्यायालयानें ८ मे २०२४ रोजीं नकार दिला. कारण ती घट कसुराच्या आधींच झालेली होती. कसूर खरा, घटही खरी. पण एकीचें कारण दुसरा नव्हता.

तज्ज्ञास शास्त्राच्या बदलत्या मतांचेंही भान ठेवावें लागतें. घरापासून सात मीटरांच्या आंत हें तण असलें म्हणजे मोठा धोका, अशी समजूत बरींच वर्षें रूढ होती. २०१८ सालीं लीड्स विद्यापीठ व एईकॉम कंपनी यांच्या संशोधकांना असें आढळलें कीं, इतर मोठ्या वनस्पतींहून हें तण इमारतींस अधिक अपाय करीत नाहीं. त्यानंतर २०२२ सालीं शाही संस्थेनेंही सात मीटरांचें माप टाकून तीन मीटरांचें धरलें. जुनें भय तसेंच उतरवून काढणारा अहवाल म्हणूनच दुबळा ठरतो.

१९९९ पासून अमलांत असलेल्या दिवाणी नियमांनीं तज्ज्ञावर एक बंधन घातलें आहे: मेहनताना देणाऱ्यापेक्षां न्यायालयाविषयींचें त्याचें कर्तव्य श्रेष्ठ. मतभेदास जागा असेल तेथें दुसरीं मतेंही त्यानें नमूद करावीं लागतात. लहान वादांत पुष्कळदां दोन्ही पक्षांस मिळून एकच तज्ज्ञ नेमला जातो. कुंपणाच्या दोन्ही बाजूंस माणसें तावातावानें बोलत असतात. तज्ज्ञाचें काम एवढेंच कीं, त्यानें खालीं वांकून माती उकरावी आणि मुळाची साक्ष जशी असेल तशी मांडावी.